जोडलेली टोकं

तेक्ला: झाक. आधी ते फडकं होतं तसं झाक, इलोना, आणि जिन्याचं दार लाव.

इलोना: का? काय झालं, आजी?

तेक्ला: दार लाव म्हणते ना.

इलोना: लावलं. फाटल्यात का? सारण बाहेर आलंय?

तेक्ला: एकही फाटली नाही. तेच तर. काल मी तुला दोनशे पाऱ्या लाटून दिल्या, वर पीठ भुरभुरून दिलं, बटाट्याचं सारण दिलं. म्हटलं, वरच्या मजल्यावर तुझ्या घरी बसून सावकाश मुरड घाल आणि सकाळी आणून दे. उद्या नाताळची पवित्र संध्याकाळ. अख्खं गाव चर्चच्या या हॉलात जेवायला येणार. आणि तू हे काय आणलंस? ये इकडे, बघ.

इलोना: अरे देवा.

तेक्ला: म्हणजे तूही आत्ताच बघतेयस.

इलोना: नाही, नाही. मीच केल्यात. काल हॉटेलातून उशिरा सुटले, सतरा खोल्या झाडल्या होत्या, हात जरा...

तेक्ला: हात जरा काय? पिरोही कशी असते?

इलोना: वारेनिकी...

तेक्ला: तू वारेनिकी म्हण, आम्ही इथं जन्मलेले पिरोही म्हणतो, पोटाला दोन्ही कळतं. कशी असते?

इलोना: अर्ध्या चंद्रासारखी. कडेला मुरड.

तेक्ला: तीन महिने घोकून घेतलंय मी तुझ्याकडून. आणि ह्या? अर्धा चंद्र केला, वर त्याची दोन्ही टोकं मागे वळवून एकमेकांना चिकटवली. कान केलेत, कान! चारही ताटांत नुसते कान.

इलोना: कान तर तुम्हीही करता. बीटच्या सारात सोडायला.

तेक्ला: करतो. नखाएवढे. आत अळंबी. बटाटा भरलेला, वाटीएवढ्या पारीचा कान तू आपल्या कुठल्या घरात पाहिलास? सांग.

इलोना: माझी चूक झाली, आजी. मी परत करते.

तेक्ला: बरं. ही घे पारी. हा सारणाचा उंडा. कर एक कान माझ्यासमोर.

इलोना: आत्ता?

तेक्ला: आत्ता. चर्चच्या समितीची स्तेफा यायच्या आत. ...तोंड उघडं राहिलं. दुसरी घे. ...कडेला बटाटा लागला. कडेला बटाटा लागला की चिकटत नाही, कितीदा सांगितलं?

इलोना: तुम्ही बघताय म्हणून जमत नाहीये.

तेक्ला: मी बघतेय म्हणून नाही, या हाताला हे येतच नाही. आता या ताटातल्या बघ. एकीसारखी दुसरी. टोकावर अंगठ्याचा एकच दाब, दुसऱ्यांदा बोट लागलेलं नाही. हा हात पन्नास-साठ वर्षं हेच करत आलाय. तुझं वय किती?

इलोना: चौतीस.

तेक्ला: घरात तुम्ही तिघी. तू, तुझी सहा वर्षांची पोलीना, आणि तुझी मुकी सासू.

इलोना: तिनंच केल्या असतील मग. मी आडवी झाले ती झोपच लागली. तिला वाटलं असेल, मदत करावी. तिला काय कळतंय आता? घरावर बाँब पडला तेव्हापासून वाचा गेली तिची, डोकंसुद्धा...

तेक्ला: डोकं शाबूत आहे. हात सांगतोय. मी लग्नाआधी रेल्वेच्या छावणीत स्वयंपाकाला होते. तिथं न्युरा म्हणून एक होती. उरल डोंगराकडची, रशियन. ती सगळ्याला अशीच टोकं जोडायची. आत मांस असो, बटाटा असो. मी ओरडून दमले. ती म्हणायची, तेक्ला, माझा हात दुसरीकडे वळतच नाही, काय करू? ...तुझी सासू कुठली, इलोना?

इलोना: मारिउपोलची. आम्ही सगळेच तिथले.

तेक्ला: राहायला. जन्मानं?

इलोना: आमच्या पूर्वेकडे घरोघरी असे कान करतात. खरंच. थंडीत पिशव्या भरून बाल्कनीत टांगून ठेवतात. मी तर लग्नानंतर तेच खात आले. विकतचे नाहीतर तिच्या हातचे. म्हणून तर मला तुमच्याकडे शिकावं लागतंय.

तेक्ला: मी ठेवीन विश्वास. स्तेफा ठेवील?

इलोना: हळू बोला, आजी. वर सगळं ऐकू जातं.

तेक्ला: ऐकू जातं ना? मुकी आहे, बहिरी नाही. मग ऐकू दे की. ...रडू नकोस. आधी सांग. तिला बोलता येतं?

इलोना: खिडकी लावते आधी.

तेक्ला: इलोना.

इलोना: येतं.

तेक्ला: आई गं.

इलोना: मी असं ठरवून केलं नव्हतं. तिचा जन्म तिकडचा, उरलचाच. वीस-बावीस वर्षांची असताना लग्न होऊन आमच्या गावी आली. चव्वेचाळीस वर्षं झाली. आपली भाषा तिला सगळी समजते, पण जीभ वळत नाही. तिच्याच गावाकडच्या तोफांनी तिचं घर पाडलं. आम्ही अठरा दिवस तळघरात होतो. मग पळून सीमेपलीकडे आलो, तिथं रांगेत तिनं पोलीनासाठी पाणी मागितलं. नुसतं पाणी. पुढच्या बाईनं तिचा आवाज ऐकला आणि तिच्या अंगावरचं पांघरूण ओढून घेतलं. थुंकली. त्या बाईचंही कोणी गेलं असेल, मी तिला दोष देत नाही. पण मी घाबरले.

तेक्ला: आणि इथं?

इलोना: इथं, समुद्रापलीकडे, विमानतळावर स्तेफाबाई स्वागताला पाव आणि मीठ घेऊन उभ्या. त्यांनी तिला विचारलं, आई, नाव काय तुमचं? तिनं तोंड उघडलं, आणि तिच्याआधी मीच बोलले. म्हटलं, हिची वाचा गेलीय. एक वाक्य. दहा महिने झाले त्याला.

तेक्ला: आणि ती गप्प बसली?

इलोना: तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. घरात बोलते, कुजबुजून. पोलीना शाळेतून आली की आधी खिडक्या लावते, मग आजीशी बोलते. कोणी शिकवलं नाही तिला. रविवारी वादिमचा फोन येतो...

तेक्ला: तुझा नवरा. आघाडीवर आहे ना तो?

इलोना: हो. आपल्याच सैन्यात. तिचा एकुलता एक मुलगा. त्याच्याशी बोलताना ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडते. पाण्याच्या आवाजात बोलते. नाहीतर खाली ऐकू येईल.

तेक्ला: अगं, मग पोरगा आपल्यासाठी लढतोय, हे सांगून टाकायचं पहिल्या दिवशी!

इलोना: आवाज आधी ऐकू येतो, आजी. मुलगा कुठे लढतोय ते नंतर विचारतात. तोवर पांघरूण गेलेलं असतं. आणि आता कशी सांगू? तुम्हीच होतात ना इथं, मे महिन्यात, स्तेफाबाईंचा भाचा लढाईत मारला गेल्याची बातमी आली तेव्हा?

तेक्ला: ओस्तापची. इथंच उभी होती ती, या शेगडीपाशी.

इलोना: काय म्हणाल्या होत्या?

तेक्ला: म्हणाली होती, या छपराखाली रशियन शब्द कानावर आला तर उकळतं पातेलं उलथीन.

इलोना: आणि आमच्या घराची किल्ली त्यांच्या हातात आहे. समितीत त्या म्हणतील तेच होतं. बाहेर उणे एकतीस आहे. आम्ही कुठे जायचं?

तेक्ला: थांब, विचार करू दे. मध आणि खसखस घेऊन येते म्हणाली, अर्ध्या तासात येईल. हे कान सोडवता येतात. कणीक ओली असली तर टोकं अलगद सुटतात, वरून बोट फिरवलं की झाली मुरड. आण ते ताट. ...हे काय? हे तर दगड झालेत.

इलोना: तिनं रात्रभर मागच्या पायऱ्यांवर ठेवलेले दिसतायत. घरी बाल्कनीत ठेवायची तसे.

तेक्ला: शहाणीच आहे. बघ, तुटलं टोक. आता हे शेगडीपाशी ठेवले तर लगदा होईल, आणि नाही ठेवले तर कान ते कानच.

इलोना: मी टाकून देते. मागे बर्फात पुरते. तुमच्याकडे पीठ आहे, आपण दोघी मिळून...

तेक्ला: दोनशे घास बर्फात?

इलोना: कोणाला कळणार नाही.

तेक्ला: मला कळेल. तुलाही कळेल. तळघरात अठरा दिवस काय खाल्लंस, विसरलीस?

इलोना: नाही विसरले. म्हणूनच म्हणते. मला परत तसं कुठे राहायचं नाहीये. पोलीनाला परत उठवून, बूट घालून, चल म्हणायचं नाहीये. मी सांगेन, मीच केले. मीच केले म्हणून सांगेन.

तेक्ला: आणि ती म्हणेल, एक करून दाखव. मी म्हटलं तसंच.

इलोना: मग तुम्ही सांभाळून घ्या ना. काहीतरी सांगा.

तेक्ला: काय सांगू? मी कालच पाद्रीबुवांपुढे पापांची कबुली देऊन आलेय. उद्या प्रसाद घ्यायचाय. चौऱ्याऐंशी वर्षांची झाले, आता शेवटी शेवटी खोटं बोलायला लावतेस मला?

इलोना: नाही. चुकलं माझं. नका बोलू.

तेक्ला: तोंड पूस. ...माझ्या आईला लहानपणी सांगून ठेवलेलं, दुकानात तोंड उघडायचं नाही. पहिल्या महायुद्धात इथल्या सरकारनं आपल्या लोकांनाच शत्रू ठरवलं होतं. आपल्या माणसांनी दर महिन्याला पोलिसाकडे हजेरी लावायची. बोलण्यावरून ओळखायचे. आई सात वर्षांची. साखर हवी की साखरेकडे बोट, सुई हवी की सुईकडे बोट.

इलोना: मग? पुढे बोलायला लागल्या?

तेक्ला: लढाई संपली, पोलीस गेला, ती म्हातारी झाली. मरेपर्यंत त्या दुकानात बोटच दाखवत होती. ...गाडी वाजली. ऐकलंस? ताटं झाक. चारही. आणि बटाटे सोलायला बस, मान खाली घालून.

स्तेफा: दार कशाला लावलंत गं? हात मोकळे नाहीत माझे! तेक्ला मावशी, हा मध धर. सांडला तर उद्या गव्हाची खीर अगोड.

तेक्ला: वारं येत होतं म्हणून लावलं. ये.

स्तेफा: गाडी सुरूच होईना. इंजिन गरम राहावं म्हणून विजेची वायर रात्रभर लावून ठेवली होती तरी. इलोना, किती झाल्या तुमच्या? एक ताट आधी उकळून बघू, मुरड धरते का.

तेक्ला: झाल्या. घोटभर चहा घे आधी. नाक बघ, बीट झालंय.

स्तेफा: चहा नंतर. इलोना, डोळे का लाल तुझे?

इलोना: कांदा, स्तेफाबाई.

स्तेफा: बटाटे सोलतेयस आणि कांदा?

तेक्ला: मघाशी कांदा चिरला तिनं. तू काय पोलीस आहेस?

स्तेफा: विचारलं आपलं. नवऱ्याचा फोन येतो ना?

इलोना: येतो. रविवारी.

स्तेफा: येऊ दे. येत राहू दे. ...बरं, उद्या तुझ्या सासूबाईंना माझ्या शेजारी बसवायचं. मी तसं सांगून ठेवलंय.

इलोना: तुमच्या शेजारी?

स्तेफा: हो. ओस्तापच्या चाळिसाव्या दिवसाला सगळे माझ्याशी बोलत होते. देवाची इच्छा, वीर होता, काळ हेच औषध. तुझी सासू एकटी अशी, की नुसता हात धरून बसली. दोन तास. बोलणाऱ्या माणसांचा मला वीट आलाय, इलोना. त्यांच्याजवळ बसले की बरं वाटतं.

इलोना: तिची... तिची तब्येत बरी नाही. कदाचित ती यायची नाही.

स्तेफा: नाही काय! मी स्वतः हाताला धरून आणीन.

(वरच्या मजल्यावर नळ सोडल्याचा आवाज. पाणी वाहत राहतं.)

स्तेफा: हे बघ, परत! मी केव्हाची विचारणार होते. दर रविवारी वरून तासभर पाणी वाहतं. आज तर रविवारही नाही. नळ गळतो का?

इलोना: नाही. भांडी... ती भांडी घासते.

स्तेफा: एवढा वेळ? वॉशर गेला असेल. या थंडीत पाइप गोठला तर फुटेल, आणि सगळा हॉल भिजेल उद्याच्या दिवशी. थांब, मीच बघून येते. किल्ली आहे माझ्याकडे.

इलोना: मी जाते! स्तेफाबाई, मी जाते, तुम्ही बसा.

स्तेफा: तुला काय कळतंय त्यातलं? माझ्या नवऱ्याचं नळदुरुस्तीचं दुकान होतं. बाजूला सर, जाऊ दे.

इलोना: नको. ऐका ना. तिला अनोळखी... तिला भीती वाटते, कोणी एकदम आत आलं की.

स्तेफा: मी अनोळखी? तू वाटेत का उभी आहेस, इलोना? काय आहे वर?

तेक्ला: स्तेफा. जिना सोड. इकडे ये.

स्तेफा: एक मिनिट, मावशी.

तेक्ला: एक मिनिट नाही. आत्ता ये. माझ्या हातून काहीतरी झालंय, आणि मला ते एकटीला बघवत नाहीये. हे फडकं उचल.

स्तेफा: काय झालं? ...हे काय? मावशी, हे कोणी केलं?

तेक्ला: मी.

इलोना: आजी...

तेक्ला: तू गप्प बस. मला सांभाळून घ्यायला बघतेय पोरगी. म्हणून रडत होती, कांदाबिंदा काही नाही. सारातले कान करायचे म्हणून काल बसले मी, आणि बटाटा भरत गेले. पारी केवढी, सारण कसलं, काही लक्षात आलं नाही. एक ताट झालं, दुसरं झालं. चार ताटं भरेपर्यंत कळलं नाही.

स्तेफा: चारही?

तेक्ला: दोनशे.

स्तेफा: मुरड तर कशी सुरेख पडलीय. एकसारखी.

तेक्ला: हात चालतोय गं. वरचं चालत नाहीये.

स्तेफा: बस, मावशी. खाली बस आधी. कधीपासून असं होतंय?

तेक्ला: मला कसं ठाऊक? ठाऊक असतं तर झालं असतं का?

स्तेफा: पराशाबाईंचं असंच सुरू झालं होतं. सारण न भरताच पाऱ्या मिटायच्या.

तेक्ला: मला सांगतेस? तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवरून उठवलं कोणी? मीच. म्हटलं, पराशा, मुरड घालायला आता दुसरी बसेल, तू बटाटे सोल. वसंतात गेली ती.

स्तेफा: तसं नको मनात आणू.

तेक्ला: मनात काय आणायचंय. तू बोल काय बोलायचंय ते. समितीची तू आहेस.

स्तेफा: उद्या माणसं जेवायची आहेत, मावशी. पीठ वाया, सारण वाया गेलं तर... म्हणजे हे वाया जाणार नाही, हे आपण उकळू, पोरं हसत खातील. पण यापुढे तू बटाट्यांना बस. रागावू नको माझ्यावर.

तेक्ला: रागावून काय करू? सेहेचाळीस वर्षं बसले माझ्या मुरडीच्या खुर्चीवर. पुष्कळ झालं.

स्तेफा: इलोना, तू कशाला एवढी हुंदके देतेयस? तुझी काही चूक नाही यात. ...पाणी थांबलं की वरचं.

इलोना: थांबलं.

स्तेफा: भांडीच असतील मग. सणानंतर प्लंबर बोलावून घेऊ. मी हॉलात जाते, टेबलांवर सणाच्या रिवाजाचं गवत पसरायचंय, वर चादरी घालायच्यात. मावशी, तू नुसती बसून राहा. तिच्याकडे लक्ष ठेव गं, इलोना.

इलोना: हो.

तेक्ला: ...गेली?

इलोना: गेली. आजी, हे तुम्ही काय केलंत? तुमचा उद्याचा प्रसाद...

तेक्ला: तो माझा आणि वरच्याचा प्रश्न. प्रसाद नाही घेतला एक वर्ष तर काही मरत नाही मी. मघाशी ते पाणी कसलं होतं? आज कुठला रविवार?

इलोना: वादिमच असणार. उद्या त्याला बोलता येणार नसेल, म्हणून आज केला असेल. किंवा... मला ठाऊक नाही. मला वर जायची भीती वाटते.

तेक्ला: पाणी वाहत होतं म्हणजे ती बोलत होती. बोलत होती म्हणजे पलीकडे कोणीतरी ऐकत होतं. जा वर.

इलोना: आणि उद्या? स्तेफाबाई तिला शेजारी बसवणार. तिच्या हातात हात देऊन बसणार. एक दिवस त्यांना कळेल, आजी. आज नाही कळलं, पण कळेल. तेव्हा त्यांना त्या दोन तासांचंही वाईट वाटेल.

तेक्ला: वाटेल. ते तुला सांगावं लागेल कधीतरी, तुझ्याच तोंडानं. उद्या नाही. उद्या ताटात घास पडू दे तिच्या. पण माझ्या आईसारखं नको करूस. फार उशीर नको करूस.

इलोना: नाही करणार.

तेक्ला: म्हणशील, आणि करशील. सगळेच करतात. ...ऐक, वरून तिला खाली घेऊन ये. शंभर पाऱ्या तरी लाटते मी. बटाटे सोलायला बसवलंय मला, लाटायला कोणी बंदी केलेली नाही. तिला माझ्या खुर्चीवर बसव. मी बोटं धरून शिकवते, अर्धा चंद्र करायचा आणि टोकं मोकळी सोडायची.

इलोना: पासष्ट वर्षांचा हात आहे तिचा. वळेल?

तेक्ला: न्युराचा नाही वळला. पण न्युराला माझी भीती नव्हती. ...आणि त्या खुर्चीचा डावा पाय आखूड आहे. तिकडे रेलायचं नाही, पडायला होतं. तेवढं सांग तिला.

इलोना: सांगते.

तेक्ला: हळू सांग. भिंती पातळ आहेत.